मांजरातला विषाणू आणि माणसाची कावीळ

सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे: मांजरांमध्ये हेपॅटायटिस बी सापडला आहे, तो चाटण्या-चावण्यातून माणसांना होतो, म्हणून माणसांसाठीच्या चाचणी-पट्टीवर मांजराचे रक्त तपासावे आणि पॉझिटिव्ह निघाल्यास त्याला घराबाहेर काढावे. यातला एक धागा खरा आहे, त्यामुळेच बाकीचेही लोकांना पटते.

२०१८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना लिम्फोमा (लसीका-पेशींचा कर्करोग) झालेल्या एका मांजरात हेपॅडना या विषाणू-कुळातला नवा विषाणू आढळला. माणसाचा हेपॅटायटिस बी याच कुळातला असला, तरी मांजरातला विषाणू ही स्वतंत्र जात आहे. त्याला ‘मांजरातला हेपॅटायटिस बी’ म्हणणे म्हणजे चुलत भावाच्या नावावर दुसऱ्याचा गुन्हा नोंदवण्यासारखे आहे. पुढे इटली, थायलंड, मलेशिया येथील मांजरांतही तो सापडला. इटलीतील तपासणीत सुमारे ११ टक्के मांजरांच्या रक्तात त्याचे डीएनए मिळाले.

माणसाला लागण होण्याबद्दल तोलून बोलायला हवे. आपल्या यकृतपेशींवरील एनटीसीपी या प्रथिनाला या विषाणूच्या आवरणाचा एक तुकडा चिकटू शकतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे, आणि म्हणून अभ्यास चालू राहिलाच पाहिजे. परंतु पेशीच्या दाराशी पोहोचणे आणि माणसाच्या शरीरात वाढणे यांत फार अंतर आहे. मांजराकडून माणसाला लागण झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण नाही.

सर्वांत घातक सल्ला चाचणीचा आहे. ती पट्टी मानवी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन ओळखण्यासाठी बनवलेली आणि माणसांच्याच रक्तावर पारखलेली असते. मांजराच्या रक्तावर तिच्यात रेघ उमटली काय किंवा न उमटली काय, त्यावरून काहीही ठरत नाही. मांजरातला विषाणू शोधायचा तर त्याच्याच जनुकसंचावर बेतलेली पीसीआर, म्हणजे विषाणूचे डीएनए शोधणारी चाचणी, लागते. तीही पॉझिटिव्ह आली, तर रक्तात विषाणूचे डीएनए आहे एवढेच कळते. यकृत बिघडले आहे का, हे एएलटी आणि बिलिरुबिन या रक्तचाचण्या, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी (यकृताचा तुकडा काढून तपासणे) सांगते. २०१९ मधील एका अभ्यासात मांजरांच्या जुनाट यकृतदाहाच्या ४३ टक्के आणि यकृतपेशींच्या कर्करोगाच्या २८ टक्के नमुन्यांत हा विषाणू मिळाला, निरोगी यकृतांत मात्र मिळाला नाही. हा संबंध गंभीरपणे घेण्यासारखा आहे, पण नमुने थोडे होते आणि विषाणूमुळेच आजार झाला असे त्यातून सिद्ध होत नाही.

हेपॅटायटिस ई या यकृतदाहाच्या वेगळ्याच विषाणूचा उल्लेखही काही जण करतात. काही मांजरांत त्याची प्रतिपिंडे आढळली आहेत, पण प्रतिपिंडे ही कधीकाळी संपर्क आल्याची खूण असते, सध्या आजार असल्याची नव्हे.

राहिला घराबाहेर काढण्याचा प्रश्न. मांजराच्या हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळी दिसली, तर पित्तमार्गाचा दाह, रक्तपेशींचा नाश, एफआयपी (मांजरांतला कोरोनाविषाणूजन्य आजार) अशी अनेक कारणे असू शकतात आणि ती पशुवैद्यानेच शोधायची असतात. चुकीच्या रेघेवर विसंबून घाबरलेल्या मांजराला कोंडले किंवा हाकलले, तर ते खाणे सोडते, आणि मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले की अंगातली चरबी यकृतात साठून त्याला खरोखरीच कावीळ होऊ शकते.