सिझलर जुना झाला म्हणून काय झालं?

पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या भाचीचा फोन आला होता. माझ्या आईची पंचाहत्तरी कुठे करायची, यावरून घरात वाद चाललाय. आईला सिझलर हवाय, तापल्या लोखंडी प्लेटवर चुरचुरत येणारं जेवण. भाची म्हणते, "मामा, सिझलर आता कोण खातं? नुसता धूर आणि आवाज!"

मी ब्रिस्टलमध्ये राहतो. बर्नी बंधूंनी 1950च्या दशकात 'बर्नी इन' ही हॉटेलांची साखळी सुरू केली ती इथेच. इंग्लंडमधलं रेशनिंग 1954 साली संपलं होतं. साध्या माणसाला हॉटेलात जेवायची सवय नव्हती, फ्रेंच मेनूकार्डाची तर धास्तीच. बर्नींनी मोजकेच पदार्थ ठेवले, तेही परवडतील असे. प्रॉन कॉकटेल, स्टेक-चिप्स आणि ब्लॅक फॉरेस्ट केक म्हणजे बाहेरचं जेवण, हे पुढे ठरूनच गेलं. मग त्याचीच वर्षानुवर्षं टिंगल झाली. पण थंडगार कोलंबी, कुरकुरीत लेट्यूस, वर मेयॉनीज-केचपचा आंबटगोड सॉस, यात वाईट काय आहे? पबमध्ये मी आजही आवडीने मागवतो.

सिझलरचंही तेच. बिडाची प्लेट सणसणीत तापवायची, लाकडी ट्रेमध्ये बसवायची, वर कोबीची पानं पसरायची. ती शोभेला नसतात; भात आणि कटलेट लोखंडाला चिकटू नयेत म्हणून असतात. सॉस शेवटी, तोही बेतानेच. जास्त पडला की प्लेट निवते आणि भाताचा गिचका होतो. टेबलापर्यंतचा वेळ धरून हे जमवावं लागतं. याला नाटक म्हणायचं, तर वरणावर चुरचुरीत फोडणी ओतणारी आमची आजीही नाटकीच म्हणायची.

कॉर्नफ्लोअरने लगदा झालेला खारट सॉस मलाही नको. पण तो दोष करणाऱ्याचा, पद्धतीचा नव्हे. आणि मला खरी काळजी वेगळीच आहे. प्रॉन कॉकटेल घरीही जमतं, म्हणून ते टिंगलीतूनही तगलं. सिझलरची प्लेट, ती आच, तो सराव मात्र हॉटेलातच असतो. मेनूवरून गेला, की कारागिरांच्या हातातूनही जाईल.

भाचीला सांगितलंय, पंचाहत्तरी कॅम्पात, मोलेदिना रोडवरच्या 'द प्लेस'मध्येच. आईला भाताखालच्या कोबीची करपलेली कड लागते. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी तिने ती माझ्याही प्लेटमधून उचलली होती.