कारण माहीत असतं, मग सांगत का नाही?

विमान सुटायची वेळ टळून चाळीस मिनिटं होतात. स्क्रीनवर नवी वेळ येते, थोड्या वेळाने तीही पुढे सरकते. घोषणा मात्र तीच: “ऑपरेशनल कारणांमुळे उड्डाणास विलंब होत आहे.” कसलं ऑपरेशनल कारण? विमान आलेलं नाही, इंजिनिअर खाली पडून चाकं तपासतोय, की पायलटच अजून दुसऱ्या विमानात बसून हवेत आहे? यातलं काहीही असू शकतं, आणि या प्रत्येकात पुढे काय करायचं याचं उत्तर वेगळं असतं. विमानं उशिरा सुटतात हे कळतं. यंत्र आहे, हवामान आहे, माणसं आहेत. चीड येते ती याची, की कंपनीला कारण मिनिटांच्या हिशेबासकट ठाऊक असतं आणि तरी गेटवर बसलेल्या दीडशे-पावणेदोनशे लोकांना ताकास तूर लागू देत नाहीत.

ठाऊक असतं म्हणजे किती, ते बघा. विमान गेटवरून कधी हललं, चाकं जमिनीवरून कधी उचलली, कधी टेकली आणि गेटला कधी लागलं, या चार वेळा बहुतेक विमानं आपोआप कंपनीच्या ऑप्स कंट्रोलला, म्हणजे उड्डाणांवर नजर ठेवणाऱ्या खोलीला पाठवतात. आणि उशिरासाठी आयएटीएचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे, दोन आकडी डिले कोड आहेत. ४१ म्हणजे विमानातला बिघाड. ३२ म्हणजे सामान चढवणं-उतरवणं. ३५ सफाई, ३६ इंधन, ३७ केटरिंग. ८१ म्हणजे वरच्या हवाई मार्गात गर्दी म्हणून ट्रॅफिक कंट्रोलने अडवलंय. ९३ म्हणजे हेच विमान आधीच्या फेरीवरून उशिरा आलं. ९५ म्हणजे क्रू दुसऱ्या फ्लाइटवरून यायचाय. उशीर पंचवीस मिनिटांचा असेल तर पंधरा मिनिटं ९३ च्या खात्यात आणि दहा ३२ च्या खात्यात, अशी फोडही होते. त्या दहा मिनिटांवरून ग्राउंड हँडलिंगवाले (विमानतळावर सामान वगैरे बघणारे कंत्राटदार) आणि कंपनी यांच्यात खडाजंगी होते, कारण करारात उशिराचा दंड असू शकतो. आपसात भांडायला मिनिटामिनिटाचा हिशेब आहे, प्रवाशाला सांगायला एक वाक्य नाही.

सगळ्यात जास्त संताप ९३ चा. येणारं विमान अजून हवेत असतं, ते कधी टेकणार हे ऑप्स कंट्रोलला बरंच आधी दिसत असतं. समजा ते १८:१० ला उतरणार. जमिनीवरून चाकांवर सरकत गेटला १८:१८. इंजिनं बंद, पोटाखालचा लाल दिवा बंद, चाकांना अडवायला ठोकळे, मग एरोब्रिज. १८० आसनी विमान एका दाराने रिकामं व्हायला दहाएक मिनिटं. मग सफाई. मग बोर्डिंगला वीस ते पंचवीस मिनिटं. इंधन, सामान, केटरिंग हे सगळं बाजूने एकाच वेळी चालतं, पण माणसं उतरणं, सफाई आणि माणसं चढणं एकामागून एकच होतं. ती साखळी तोडता येत नाही. सगळं सुरळीत झालं तरी चाळीस मिनिटं धरा, म्हणजे १८:५८ च्या आधी दार बंद होणं अशक्य. ही बेरीज शाळकरी पोराला जमेल. आणि स्क्रीनवर मात्र १८:२० च झळकत असतं! लोक सव्वापाचपासून गेटसमोर रांग लावून उभे. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या आया. गेटला विमानच लागलेलं नाही हे काचेतून दिसतंय, तरी वेळ बदलायचं नाव नाही.

त्यात आणखी एक गोष्ट असते जिचा कधी उल्लेखसुद्धा होत नाही: तापलेले ब्रेक. आखूड धावपट्टीवर जोरात ब्रेक लावून विमान थांबवलं की ब्रेक काही शे अंशांवर जातात. एअरबस ए३२० मध्ये ब्रेकचे पंखे बंद असताना तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर उड्डाण करता येत नाही. उड्डाणानंतर चाकं पोटात जातात आणि तिथे हायड्रॉलिक तेल गळून लाल ब्रेकवर पडलं तर आग लागू शकते, म्हणून हा नियम. झटपट फेऱ्या मारणाऱ्या विमानात सफाई झाली, माणसं बसली, तरी आकडा उतरेपर्यंत थांबावंच लागतं. “ब्रेक थंड व्हायला वीस मिनिटं लागतील” एवढं सांगितलं तर कोण चिडेल?

‘तांत्रिक बिघाड’ हेही असंच गाठोडं. पायलटला काही खटकलं की तो टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या वहीत, नोंद करतो. इंजिनिअर तपासतो आणि एमईएल उघडतो. कोणता भाग बंद असतानाही, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येईल याची ती मंजूर यादी. दुरुस्तीची मुदत भागाच्या वर्गावर ठरते: नोंदीचा दिवस सोडून ‘बी’ वर्गाला ३ दिवस, ‘सी’ ला १०, ‘डी’ ला १२०. म्हणजे बिघाडाच्या तीन तऱ्हा होतात. भाग यादीत आहे: कागदपत्रं, एखादं स्विच बंद करून त्याला टॅग लावणं, अर्धा तास. भाग यादीत नाही, पण स्टोअरमध्ये आहे: बदलायला आणि चाचणीला लागेल तो वेळ. भाग इथे नाहीच: मग तो दुसऱ्या विमानातून येणार, नाहीतर दुसरं विमानच येणार, आणि आजची संध्याकाळ गेली. इंजिनिअर शिडीवरून उतरतो तेव्हा यातलं काय आहे ते बहुधा कळलेलं असतं. तरी तिन्ही वेळा घोषणा अक्षरशः तीच.

एपीयूचं उदाहरण घ्या. विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं, जमिनीवर असताना तेच वीज देतं आणि एसीला व मोठी इंजिनं सुरू करायला दाबाची हवा देतं. ते बंद असलं तरी अटी पाळून विमान कायदेशीरपणे आणि सुरक्षितपणे उडू शकतं. पण मग जमिनीवर बाहेरची जीपीयू गाडी जोडावी लागते, आणि ती फक्त वीज देते, ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. थंड हवेचा जाडजूड पाइप वेगळा, तो प्रत्येक ठिकाणी मिळतोच असं नाही. इंजिन सुरू करायला दाबाची हवा देणारी तिसरी गाडी लागते. एक इंजिन गेटवरच सुरू करतात, मग गाड्या सोडवतात, त्या इंजिनाच्या हवेवर दुसरं सुरू होतं. वीज एका स्रोतावरून दुसऱ्यावर जाताना दिवे क्षणभर मिचकतात. आता आत काय होतं बघा. केबिन उकडतेय, घामाने कपडे चिकटलेत, बाहेर कसलीशी गाडी घरघरतेय, दिवे मिचकले, आणि कोणी चकार शब्द बोलत नाही. लोकांना वाटतं विमान मोडकं आहे. काही जण उतरायला निघतात. एक उतरला की त्याची बॅग शोधा, लोडशीट (विमानातल्या वजनाच्या हिशेबाचा कागद) बदला, आणखी वीस मिनिटं गेली. “शेपटीतलं सहायक इंजिन बंद आहे, हवेत त्याची गरज नाही, इंजिन सुरू झालं की एसी सुरू होईल, तोवर खिडक्यांचे पडदे खाली ओढा आणि डोक्यावरचे हवेचे झोत उघडे ठेवा.” पंधरा सेकंद लागतात हे बोलायला.

खरं सांगितलं तर प्रवासी घाबरतील, ही कंपन्यांची लाडकी सबब. घाबरवते ती चुप्पी!

बॅग उतरवण्याचं तर सांगायला लाज वाटावी असंही काही नाही. चेक-इन करून, बॅग देऊन प्रवासी गेटवर आलाच नाही, तर त्याची बॅग होल्डमधून, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यातून काढल्याशिवाय विमान सोडत नाहीत. यामागे रक्त सांडलेलं आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’, ३२९ बळी. २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान, २७० बळी. दोन्ही वेळा बॉम्ब असलेली बॅग चढली होती आणि तिच्यासोबत त्या विमानात कोणी नव्हतं. लहान विमानांत बॅगा बहुधा कंटेनरशिवाय, हाताने रचलेल्या असतात. टॅगचा नंबर घेऊन लोडर त्या बुटक्या होल्डमध्ये गुडघ्यांवर सरकत एकेक बॅग उलथीपालथी करतात, हवी ती नेमकी तळाशी निघते. मग वजनाचा हिशेब पुन्हा, दुरुस्त लोडशीट कॅप्टनला, मगच विमान गेटवरून मागे ढकलतात. शेवटची हाक होऊनही दुकानात परफ्यूम हुंगत उभे राहणाऱ्यांनी हे वाचावं. तुमच्या पाच मिनिटांपायी दोन-तीन माणसं त्या होल्डमध्ये घामाने निथळतात आणि आख्खं विमान थांबतं.

स्लॉटबद्दलही, म्हणजे उड्डाणासाठी ठरवून दिलेल्या वेळेबद्दलही, तेच. युरोपात गर्दीच्या वेळी ब्रुसेल्सहून युरोकंट्रोल ही हवाई वाहतूक सांभाळणारी संस्था प्रत्येक विमानाला उड्डाणाची नेमकी वेळ देतं. त्या वेळेच्या ५ मिनिटं आधी ते १० मिनिटं नंतर एवढीच सवलत. ती चुकली की नवा स्लॉट. लोकांना विमानात बसवून, दारं लावून पाऊण तास का ठेवतात, हा सगळ्यांचा प्रश्न. कारण साधं आहे: विमान दारं लावून तयार असेल तरच ‘आम्ही तयार आहोत’ असा संदेश जातो, आणि मध्येच आधीची वेळ मोकळी झाली तर ती मिळू शकते. लोक टर्मिनलमध्ये पांगलेले असतील तर ती हातची जाते. चांगला कॅप्टन हे माइकवर सांगतो आणि केबिन शांत बसते. बाकीचे ‘एटीसी’ (ट्रॅफिक कंट्रोल) एवढं पुटपुटून माइक ठेवतात.

आता क्रूच्या ड्युटीचं, कारण इथे चुप्पीने थेट नुकसान होतं. पायलटांचं घड्याळ उड्डाणापासून नाही, कामावर हजर झाल्यापासून चालू होतं. युरोपच्या नियमांत सकाळी सुरू होणाऱ्या, एक-दोन उड्डाणांच्या ड्युटीला जास्तीत जास्त १३ तास. उड्डाणं वाढली किंवा सुरुवात रात्री-पहाटेची असली की त्याहून कमी. अनपेक्षित अडचणीत कॅप्टन साधारणपणे २ तासांपर्यंत वाढवू शकतो, पण तो निर्णय त्याचा. थकलोय म्हणाला तर विषय संपला, आणि तेच बरोबर आहे. उड्डाणाचा वेळ मागे मोजला की गेटवरून जास्तीत जास्त किती वाजता हलावं लागेल, हे मिनिटानिशी निघतं. समजा २१:१०. हा आकडा क्रू कंट्रोलच्या पडद्यावर असतो. तरी गेटवर ‘अर्धा तास, आणखी अर्धा तास’ चालूच. २१:१५ ला जाहीर होतं, फ्लाइट रद्द, क्रू उपलब्ध नाही. तोवर दुसऱ्या विमानांतल्या जागा गेलेल्या, शेवटची गाडी सुटलेली, जवळची हॉटेलं भरलेली. सात वाजताच “२१:१० पर्यंत हललो नाही तर आज जाणार नाही” असं सांगितलं असतं, तर निम्म्या लोकांनी आपली सोय आपण केली असती.

लपवण्यामागे बऱ्याचदा पैसाही असतो. युरोपच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाखाली अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई ठरली. युरोपीय न्यायालयाच्या २००९ च्या निकालाने ३ तास किंवा त्याहून उशिरा पोचणाऱ्यांनाही ती लागू झाली. असाधारण परिस्थिती असेल तर कंपनी सुटते, पण विमानाच्या रोजच्या वापरातला तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही, हे न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं. म्हणजे कारण कोणत्या शब्दांत येतं यावर पैसे ठरतात, म्हणून हे मोघम बोलणं. अमेरिकेत २००३ पासून मोठ्या कंपन्यांना उशिराचं कारण पाच वर्गांत फोडून सरकारला द्यावं लागतं: कंपनीचं स्वतःचं, टोकाचं हवामान, हवाई वाहतूक यंत्रणा, उशिरा आलेलं विमान, सुरक्षा. सरकारला देता येतं, तर तिकीट काढणाऱ्याला का नाही?

आणि गेटवरच्या मुलामुलींवर ओरडू नका. त्यातले बरेच जण हँडलिंग कंपनीचे असतात, त्यांच्या पडद्यावर अनेकदा फक्त नवी वेळ येते, कारण येतच नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढून काही मिळणार नाही. त्यांना नेमकं विचारा, म्हणजे त्यांनाही वर फोन करून विचारता येतं. आमच्यासाठीचं विमान आत्ता कुठे आहे, त्याचा नोंदणी क्रमांक काय? (तो मिळाला की फ्लाइट ट्रॅकरवर स्वतःच बघा.) बिघाड असेल तर भाग इथे आहे का? स्लॉट किती वाजताचा? क्रूची मुदत किती वाजेपर्यंत? उत्तर मिळेल ते वेळेसकट लिहून ठेवा, भरपाईच्या अर्जात कामाला येतं.

कंपन्यांकडे मागणी तीनच ओळींची आहे. स्क्रीनवर उशिराच्या वेळेशेजारी कारण लिहा, साध्या भाषेत. ‘याआधी सुटणार नाही’ अशी एक वेळ द्या आणि पुढची माहिती किती वाजता देणार ते द्या, म्हणजे माणूस जेवून तरी येईल. आणि क्रूची मुदत संपायला दोन तास उरले की ती वेळ जाहीर करा. यासाठी नवीन यंत्रणा उभारावी लागत नाही. ही सगळी माहिती ऑप्स कंट्रोलच्या खोलीत आत्ताही पडद्यावर आहे.