दोनवर उशिरा पडणारी काठी

अमेरिकन सोल गायक विल्सन पिकेटच्या ‘इन द मिडनाइट अवर’ या गाण्याचं श्रेय लोक त्याच्या आवाजाला देतात. आवाज जबरदस्त आहेच. पण १९६५ चं हे गाणं आजही पाय हलवायला लावतं ते ड्रमर अल जॅक्सनमुळे, असं माझं ठाम मत आहे. आणि जॅक्सनची काठी तशी पडली त्याला कारण एक नाच.

अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी पिकेटने आधी केलेली गाणी चालली नव्हती. म्हणून निर्माता जेरी वेक्सलर त्याला मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत घेऊन आला. तिथला गिटारिस्ट स्टीव्ह क्रॉपर आणि पिकेट यांनी लोरेन मोटेलच्या खोलीत बसून गाणं रचलं. (१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ते हेच मोटेल. गोरा गिटारवाला आणि काळा गायक उघडपणे एकत्र बसतील अशा जागा त्या शहरात तेव्हा मोजक्याच.)

स्टॅक्स म्हणजे जुनं सिनेमा थिएटर, जमीन तशीच उतरती. १२ मे १९६५ ला तिथे रेकॉर्डिंग सुरू झालं, पण वेक्सलरला ठेका पटेना. तो काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि चक्क नाचून दाखवायला लागला. वय ४८! नाच होता ‘जर्क’, तेव्हाच्या तरुण पोरांचा: हात वर-खाली फेकत अंगाला झटका द्यायचा. त्याचं म्हणणं एवढंच की झटका दुसऱ्या मात्रेवर बसतो, तेव्हा वजन तिथे द्या. जॅक्सन आणि क्रॉपर यांनी ते उचललं आणि चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा ठोका किंचित मागे ओढला, म्हणजे जरासा उशिरा वाजवला. पुढे स्टॅक्सची ती ओळखच झाली.

आता बँडवाले कुठे घसरतात ते सांगतो. ‘मागे ओढायचं’ म्हटलं की सगळेच मागे जातात, आणि गाणं नुसतं संथ होतं. मागे राहायचं ते फक्त स्नेअरने (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि गिटारच्या तुटक फटकाऱ्याने. बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस गिटार पहिल्या मात्रेवर जिथल्या तिथे. लय मिनिटाला ११० ते ११५ ठोक्यांच्या आसपास ठेवा. कॉम्प्युटरवर करत असाल तर स्नेअरचा ट्रॅक १० मिलिसेकंद मागे सरकवून ऐका, मग थोडं थोडं वाढवा. हायहॅटचा (पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजांची जोडी) आणि स्नेअरचा आवाज वेगवेगळा फुटू लागला की जास्त झालं. आणि कृपा करून ठोके आपोआप अचूक मात्रेवर बसवणारं क्वांटाइझचं बटण दाबू नका, सगळा जीव तिथेच जातो.

कॉर्ड्स अगदी साध्या. सुरुवातीला डी, बी, ए, जी असं खाली उतरायचं, मग ई आणि ए यांच्यात झुलत राहायचं. मधे गिटारचा सोलोसुद्धा नाही, ती जागा ब्रासवाल्यांची, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांची. इतक्या कमी सामानात गाणं उभं राहतं, कारण ठोक्यांमध्ये मोकळी जागा आहे. तिथे कीबोर्ड भरणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

अमेरिकेतल्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत गाणं पहिलं आलं, पॉपच्या यादीत मात्र २१ वर थांबलं. त्याच वर्षाच्या शेवटी स्टॅक्सने बाहेरच्या कलाकारांना दार बंद केलं, आणि पिकेटला रेकॉर्डिंगसाठी अलाबामाचा फेम स्टुडिओ गाठावा लागला. क्रॉपरने मात्र त्या उतरत्या कॉर्ड्स वाया जाऊ दिल्या नाहीत. त्याच उलट्या क्रमाने वाजवून त्याने एडी फ्लॉइडसोबतच्या ‘नॉक ऑन वुड’ची सुरुवात केली. दोन्ही गाणी लागोपाठ लावून बघा.