नाकावरचा राग

आमच्या घराण्यात दारूला कुणी शिवलेलं नाही. तरीही नागपूरच्या धरमपेठेतल्या निम्म्या लोकांना माझं नाक पाहून वेगळीच खात्री पटली आहे. "काय बावा, दुपारीच?" असं पानठेलेवाल्याने इतक्या आपुलकीने विचारलं, की नाही म्हणताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

नाक आणि दोन्ही गाल लालबुंद, वर बारीक पुटकुळ्या, नाकपुडीच्या कडेला लाल सुताएवढ्या रक्तवाहिन्या. पंचेचाळिशीत नवऱ्याला मुरमं फुटली म्हणून बायकोची करमणूक चालली होती. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. काळी टोकं कुठेच नाहीत, तेव्हा ही मुरमं नव्हेत, हा रोझेशिया. मुळासकट जात नाही, ताब्यात ठेवता येतो. डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे बहुतेक मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतात, या आजारात त्यांची वस्ती अनेकदा दाट होते, हेही त्यांनी सांगितलं. बायको आता वेगळी उशी घेते.

मग काय टाळायचं त्याची यादी आली: ऊन, उष्णता, गरमागरम चहा, तिखट, दारू, मनस्ताप. दारू वगळली तर हे साधं नागपूरचं वर्णन आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, आणि डॉक्टर म्हणतात सावलीत राहा! चहाचा दोष त्याच्या गरमपणात, म्हणून मी कप समोर ठेवून साय धरेपर्यंत बघत बसतो. बोटाने साय बाजूला सारून प्यायलेल्या त्या चहाबद्दल न बोललेलं बरं. पोह्यांवर तर्री नको म्हटलं, तर ठेलेवाल्याने "तब्येत बरी नाही काय?" म्हणून स्टूल पुढे केलं.

मेव्हणीने तिचं गोरेपणाचं मलम आणून दिलं. त्यात स्टेरॉइड. चार दिवस चेहरा निवळतो आणि मग दामदुपटीने पेटतो. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण मेव्हणीला औषधवाला 'ताई' म्हणतो, तिथे सरकारचं काय चालणार?

माझ्या वाट्याला मेट्रोनिडॅझोलचं जेल आलं. ज्या औषधाची गोळी आमच्याकडे जुलाबासाठी डब्यात असते, तेच आता रात्री नाकाला. सकाळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. ते सावळ्या कातडीवर असं पांढरंफटक बसतं, की शेजारच्या काकूंनी नाटकात काम मिळालं का म्हणून विचारलं.

दुर्लक्ष केलं तर पुरुषांचं नाक कधीकधी जाड आणि गाठाळ होतं. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात गिर्लांदायो या इटालियन चित्रकाराचं साधारण १४९० सालचं एक चित्र आहे. त्यात तसल्याच नाकाचा म्हातारा आणि त्याच्याकडे मायेने बघणारा नातू. बायकोला ते मोबाइलवर दाखवलं. म्हणाली, "त्याला नातू तरी आहे. आपला पोरगा लग्नाला तयार नाही."

ऊन, तिखट, चहा एकवेळ सांभाळता येतं. मनस्ताप कुठे झाकणार? मी बँकेत आहे. परवा ऑडिटरने एका नोंदीवर बोट ठेवून सहज विचारलं, "हे काय आहे?" नोंद अगदी चोख होती. मी शांतपणे समजावू लागलो आणि गालांपासून कपाळापर्यंत भट्टी पेटत गेली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, आणि वर्षभराची व्हाउचरं मागवली.