स्पेकलचे आकडे मिलिलिटरमध्ये नसतात

लेझर स्पेकल इमेजिंगने (लेझरच्या उजेडात दिसणाऱ्या ठिपक्यांच्या नक्षीवरून प्रवाह जोखण्याची पद्धत) उंदराच्या मेंदूतला रक्तप्रवाह 'मिलिलिटरमध्ये मोजतात' असं एका लेखात म्हटलंय, ते बरोबर नाही. हाती येतो तो सापेक्ष बदल, आधीपेक्षा किती टक्के कमी-जास्त एवढंच. 7×7 पिक्सेलच्या चौकटीतल्या उजेडाचं प्रमाण विचलन भागिले सरासरी म्हणजे कॉन्ट्रास्ट. रक्तपेशी वेगात असल्या की ठिपके पुसट होतात आणि तो घटतो. एक्स्पोजर साधारण 5 मिलिसेकंद.

खरी गोम अ‍ॅपर्चरमध्ये, म्हणजे लेन्सच्या उजेड आत घेणाऱ्या भोकात आहे. उजेड हवा म्हणून पूर्ण उघडलं की ठिपका पिक्सेलहून लहान होतो, कॉन्ट्रास्ट उगाच पडतो आणि त्यात मोजायला काही उरत नाही. ठिपका किमान दोन पिक्सेलचा हवा. 785 नॅनोमीटरचा लेझर, 1 पट मॅग्निफिकेशन आणि अ‍ॅपर्चर एफ/5.6 असेल तर तो सुमारे 21 मायक्रॉनचा येतो, 5.5 मायक्रॉनच्या पिक्सेलला भरपूर झाला. कॅमेऱ्याचे ऑटो गेन आणि गॅमा (उजळपणा आपोआप बदलणाऱ्या सोयी) बंदच ठेवा, नाहीतर पुढचं सगळं गणित वाया.

मुंबईत रुळांजवळची इमारत असेल तर लोकल जाताना टेबल थरथरतं, ठिपके पुसट होतात आणि अख्ख्या फ्रेममध्ये प्रवाह 'वाढतो'. नमुन्याशेजारी पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा ठेवा; त्याचाही कॉन्ट्रास्ट पडला तर ती फ्रेम सरळ काढून टाका. एसीचा झोत लेझरच्या डायोडवर नको. तापमान बदललं की लेझर मोड बदलतो, म्हणजे त्याची तरंगलांबी उडी मारते, आणि ठिपक्यांची नक्षीच पालटते.

कवटी पातळ न करता मोजलंत तर हाडाचे स्थिर ठिपके मिसळून बदल कमी दिसतो. वरचं सलाइन सुकू देऊ नका, हाड पांढरट होतं.