एक शून्य जास्त पडलं

यंदाच्या मार्च एंडिंगला माझ्या हातून एका पार्टीच्या पेमेंटमध्ये एक शून्य जास्त पडलं. ४२ हजारांचे ४ लाख २० हजार गेले. पार्टी जुनी, ओळखीची. दोन दिवसांत पैसे परत आले. पण अकाउंट्समध्ये १७ वर्षं काढलेल्या बाईच्या हातून हे व्हावं?

"काम झेपत नाही का?" साहेबांनी विचारलं. काम झेपत होतं हो. झेपत नव्हता तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दर दहा मिनिटांनी "अपडेट?" उत्तर नाही दिलं की लगेच फोन. उत्तर देऊन परत स्क्रीनकडे वळावं, तर कुठल्या व्हाउचरवर होते तेच आठवायचं नाही.

२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा याच टेबलावर याहून जास्त काम होतं. तेव्हाचे साहेब सकाळी यादी द्यायचे आणि "क्रम तुमचा तुम्ही लावा" म्हणून केबिनमध्ये जायचे. आम्ही दमायचो, पण धास्तावलेले नसायचो. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ मध्येच मांडलंय की कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे मात्र आपल्या हातात नाही, अशा नोकरीत ताण सगळ्यात जास्त. (जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. यात डोंबिवली ते घाटकोपर लटकत येणं आणि पुढे अंधेरीची मेट्रो धरलेली नाही!)

आता खरं सांगते. ते शून्य मला त्याच रात्री दिसलं होतं. परतीच्या लोकलमध्ये डेबिटचा मेसेज उघडला आणि पोटात गोळा आला. ग्रुपवर लिहायला घेतलं, मग पुसलं. सगळ्यांसमोर खरडपट्टी निघणार, त्यापेक्षा सकाळी बघू. सकाळी साडेअकराला सांगितलं. रात्रीच बोलले असते तर कदाचित दोन दिवस लागलेच नसते. ताणाने माणूस चुकतो हे सगळेच बोलतात. तो चूक दाबून ठेवतो, हे कुठल्या अप्रेझलमध्ये दिसणार?

यावर ऑफिसने उपायही काढला. प्रत्येक पेमेंटमागे आता आणखी एक शीट भरायचं. ते भरलं का, हे ग्रुपवर विचारतात.