‘दुष्परिणाम शून्य’ हे सरसकट खरं नाही

सर्दी-फ्लूवरची होमिओपॅथिक औषधं चिठ्ठीशिवाय घ्यायला हरकत नाही, कारण ‘दुष्परिणाम शून्य’, असं एका लेखात म्हटलंय. ऑसिलोकॉक्सिनम या फ्लूवरच्या होमिओपॅथिक गोळ्यांपुरतं चालेल. बदकाचं हृदय-यकृत २०० सी पर्यंत (म्हणजे शंभरपट, असं २०० वेळा) विरळ केल्यावर गोळीत उरते ती साखर. (मधुमेहींनी तेवढं बघावं!) पण अमेरिकेतलं झायकॅम आठवा. नाकात घालायचं हे जस्ताचं जेल होमिओपॅथिक म्हणूनच दुकानात मिळायचं, आणि त्यात जस्त खरोखरच होतं. वास जाण्याच्या १३० हून अधिक तक्रारी आल्यावर २००९ मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) ‘वापरू नका’ असं बजावलं. म्हणजे लेबलवर २ एक्स (दहापट, असं दोनदाच विरळ, म्हणजे मूळ पदार्थ उरतोच) आहे की २०० सी, हे आधी बघायला हवं. आणि साधी सर्दी आठवड्याभरात जातेच हो, श्रेय मात्र गोळ्यांना!